सुरईच्या पोटातली खूण

माझ्या धाकट्या जावेला मी उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही. आता म्हणायची वेळ आलीय, तर जीभ जड होतेय. मला अक्षर येत नाही, म्हणून भटजींना लिहायला बसवलंय. त्यांना आधीच बजावलंय, की मी सांगेन तसं लिहा, माझी भाषा धुऊन-पुसून सोवळ्यात नेऊ नका. मी ‘जळत होते’ म्हटलं की ‘जळत होते’ असंच लिहा. ‘किंचित वाईट वाटले’ वगैरे नको.

आमची आळी कसब्याच्या टोकाला, नदीच्या अंगाला. कुंभारांची सात घरं आणि सगळ्यांत मिळून एक आवा. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. सात घरांचा माल एकदम रचायचा, वर गोवऱ्या, लीद, पाचट घालायचं आणि पेटवायचं. श्रीमंतांच्या आणि सरदारांच्या पागा गावात होत्या तोवर लिदीला तोटा नव्हता. घोडा पुण्यात आला की आधी कुंभार खूश व्हायचा.

मडक्यावर नावनिशाणी घालायची आमच्यात रीत नाही. पाणी दुसऱ्यानं प्यायचं, त्यावर आपलं नाव कशाला, असं जुने लोक म्हणायचे. खरं कारण मला विचाराल तर नाव लिहायला येत कुणाला होतं? मग आवा निवल्यावर कुठलं मडकं कुणाचं हे कसं कळायचं? त्यासाठी पाट होता. आव्याच्या तोंडाशी एक शिसवी पाट मांडायचा आणि आळीतली सगळ्यात पारखी बाई त्यावर बसायची. माझ्या वेळी ती बाई म्हणजे माझी सासू.

तुम्ही म्हणाल, चाक फिरवतात पुरुष, मग पारख बाईची का? अहो, चाकावरून उतरतं तो नुसता जाड बुडाचा गोळा. आतून दगडाचा गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडाच्या थापटीनं ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं, हे काम आमच्या आळीत बायकांचं. सुरईला गळा नंतर जोडायचा, वर काव आणि पांढरी खडी घेऊन वेल काढायचा, तेही बायकांचंच. प्रत्येकीची थाप वेगळी. सासू मडकं उचलायची, बुडावरून अंगठा फिरवायची, एक टिचकी मारायची आणि म्हणायची, “वरल्या घरचं. हे मधल्या घरच्या सुनेचं, नवऱ्याशी भांडून ठोकलंय, एका अंगाला जाड आहे.” आणि ती सून खाली मान घालून मडकं घेऊन जायची.

नुसता आवाच नव्हे. गावातून लोक जुनी भांडी घेऊन यायचे. आजेसासूच्या वेळची रंगीत सुरई, लग्नातलं बोळकं, बेंदराचा मातीचा बैल. चारातलं एक फुटलेलं असायचं आणि त्याला जोड हवी असायची. पहिलं ज्या घरच्या हातचं, जोड करायचा मान त्याच घराचा. हा मान कुणाचा ते पाटावरची बाई सांगायची आणि तिच्या शब्दापुढं कुणाची फिर्याद चालत नव्हती. एकदा एका सरदाराचा कारकून ऐटीत म्हणाला, “आमच्या वाड्यावर सुरतेहून चिनी बरण्या येतात, त्यांच्या बुडाला निळं चिन्ह असतं. तुमच्या बुडाला काय असतं?” सासू म्हणाली, “आमच्या बुडाला आमचा हात असतो. चिन्ह त्यांना लागतं, ज्यांना हात ओळखू येत नाही.” कारकुनानं निमूट पागोटं सावरलं.

तर हा पाट मला हवा होता. मी थोरली सून. लग्न होऊन आले तशी सासूच्या मागं बसून बुडं चाचपायला शिकले. टिचकीचा आवाज कानात साठवला. बारा वर्षं मी त्या पाटाकडं, मांजर शिंक्याकडं बघतं तशी बघत होते. तो मलाच मिळणार यात कुणाला शंका नव्हती. आणि मग कऱ्हेकाठची ही आली, माझ्या धाकट्या दिराची बायको.

दिसायला काडी. बोलणं तर त्याहून कमी. बोटं मात्र लांब आणि बारीक, वेताच्या काडीसारखी. आल्यावर महिन्याभरात आवा उघडला. सासू एका घागरीवर अडली, अंगठा दोनदा फिरवला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून ही हळूच म्हणाली, “शेवटच्या घरच्या म्हातारीचं. डाव्या हातानं ठोकलंय.” शेवटच्या घरची म्हातारी उठून म्हणाली, “अगं बाई! उजवा हात भाजला होता माझा, म्हणून डाव्यानं केलं. हिला गं कसं कळलं?” सासूनं मागं वळून तिच्याकडं पाहिलं. माझ्याकडं बारा वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवसापासून मी तिचं मोजायला लागले. सासूनं तिला किती वाढलं, तिच्याशी किती शब्द बोलली, तिला कुठं बसवलं. लीद घालून माती तुडवायचं काम आलं की मी म्हणायचे, “धाकटीला सांगा, तिचे पाय हलके आहेत.” तुडवायला हलके पाय काय कामाचे? पण ती जायची. गुडघाभर चिखलात उभी राहून तुडवायची आणि वर तोंडातून चकार शब्द नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. न भांडणाऱ्या माणसावर जळणं फार कष्टाचं असतं, आपलं आपल्यालाच फुंकणी घेऊन बसावं लागतं.

एकदा कोथरूडहून एक शेतकरीण बाई आली. पदराखालून तिनं एक जुनं बोळकं काढलं. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कडेला टवका उडालेला. “सासूच्या येळचं हाय. पाच हुती, एक ऱ्हायलं. कुनी केलं कळलं तर बाकीची चार करून द्या, ल्योकाच्या लग्नात पायजेत.” सासू बाहेर गेली होती. मी मोठ्या ऐटीत ते हातात घेतलं, उलटं केलं, टिचकी मारली आणि सांगितलं, “आमच्याच आळीचं. ठिपके बघा ना, खालच्या घरची आजी असेच काढायची.” जाऊ चाळणीनं राख चाळत होती. तिनं विचारलं, “बघू का जरा?” बाईसमोर नाही कसं म्हणणार? तिनं टवक्यावर पाण्याचं बोट लावलं, नाकाशी धरलं, मग चक्क जिभेला लावलं. म्हणाली, “ही नदीची काळी माती नाही. कात्रजच्या अंगाची तांबडी आहे, ठिपके बघून आपल्यासारखे काढलेत.” बाई एकदम म्हणाली, “व्हय की! सासू तिकडचीच हाय माझी. म्हायेरनं आनली आसंल.”

मी म्हणाले, “आम्ही माती चाटत नाही बाई. आमच्याकडं जेवायला मिळतं.” बाई हसली. जाऊ हसली नाही, रागावलीही नाही. तिनं बोळकं पुसून परत दिलं आणि राख चाळायला बसली. माझं बोलणं माझ्याच कानात दिवसभर वाजत राहिलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून मी एक खापर चाटून बघितलं. मला काही कळलं नाही, नुसती माती लागली.

तोवर सासूची नजर मंद व्हायला लागली होती. ती कबूल करायची नाही. “ऊन फार आहे” म्हणायची, ढग असले तरी. पण सुरया करणं तिनं सोडलं नव्हतं, पोट ठोकण्यापासून वेल काढण्यापर्यंत, कारण सरदारांकडं जाणाऱ्या मालात थोरल्या बाईचा हात हवाच असं तिचं म्हणणं. मी आणि जाऊ तिच्या शेजारी बसून तसंच काम करायचो. तिघींच्या सुरया एकाच रांगेत वाळायच्या. आळीचा एक नियम होता, जुना आणि कडक. जिच्या हातचा माल कापऱ्या हातानं बिघडला, तिनं पाटावर बसायचं नाही. जिला आपला हात राखता येत नाही ती दुसऱ्याचा काय ओळखणार, असा हिशेब.

एका उन्हाळ्याच्या अखेरीस आवा उघडायच्या दिवशी तोच पागोट्याचा कारकून आला. आळी जमलेली. त्यानं बगलेतली सुरई पाटासमोर ठेवली. मान एका बाजूला कललेली, पोटावरचा कावेचा वेल असा थरथरत गेलेला, की जणू वेलालाच हीव भरलंय. “पाणी गळतं,” तो म्हणाला. “पाहुण्यांपुढं सरकारांची शोभा झाली. तुमच्याच घरची आहे, एवढं आम्हालाही कळतं. कुणाचा हात आहे सांगा. त्या हातची सुरई पुन्हा वाड्यावर यायला नको.”

सासूनं सुरई घेतली नाही. मान खाली घालून पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. सगळी आळी वाट बघत होती. मला वाटलं, हीच वेळ. मी पुढं झाले, सुरई उचलली, बुडावरून अंगठा फिरवला. बूड नीट काही सांगेना. पण वेल तर समोर दिसत होता आणि मनात उत्तर आधीपासून तयार होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी मोठ्यानं सांगितलं, “हा धाकटीचा हात.”

आळीत कुजबुज झाली. जाऊ पुढं आली. तिनं सुरई माझ्याकडून घेतली आणि आपली ती बारीक बोटं गळ्यातून आत घातली. माझी बोटं जाड, गळ्याशीच अडकली असती. तिची पार पोटापर्यंत गेली, आतल्या आत फिरली आणि एका जागी थांबली. तिनं एकदा सासूकडं पाहिलं. मग सुरई खाली ठेवून म्हणाली, “होय. माझीच आहे. चुकलं माझं.”

मी मनात म्हटलं, देवा, पावलास. कारकून निघून गेला. मग सासू पाटावरून उठली, अगदी सावकाश, आणि म्हणाली, “पुढच्या आव्याला थोरली बसेल. माझे डोळे थकले.” आणि मला म्हणाली, “ते खापर टाक उकिरड्यावर.” मी सुरई अशी भिरकावली, की तिचे चार तुकडे झालेले मी माझ्या कानांनी ऐकले. त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जावेला सुरईला हात लावायची बंदी झाली. परळांच्या पसरट थाळ्या थापायच्या, चिलमी वळायच्या, माती तुडवायची. तिच्यासारखा वेल आळीत कुणाला येत नव्हता हे मला ठाऊक होतं, म्हणून तर गोड वाटत होतं. एकच गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून सासू जेवताना तिला शेजारी बोलवायला लागली. स्वतःच्या ताटातला लोण्याचा गोळा तिच्या भाकरीवर ठेवायची. पाट माझ्याकडं आणि लोणी तिच्याकडं! मी नवऱ्याला म्हणाले, “बघितलंत, चूक करणाऱ्याचे लाड.” ते म्हणाले, “तुला पाट मिळाला ना? आता लोणी पण पाहिजे?” हो, पाहिजे होतं. दोन्ही पाहिजे होतं.

सासू त्यानंतर कामाला बसली नाही. हात दुखतात म्हणायची. दोन वर्षांनी गेली. तिच्या मागं तिची थापटी आणि आतून धरायचा गोटा माझ्याकडं आला. पाटावरची बाई मी, तेव्हा गोटाही माझाच. गोटा काळा, तळहातात मावेल एवढा, पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेला. फक्त एका अंगाला टवका उडाला होता. सासू कामाला बसत होती तेव्हाच तिच्या हातून तो उंबऱ्यावर पडला होता, मीच उचलून दिला होता.

त्या गोट्यानं मी पहिली घागर ठोकली आणि आत डोकावले. आतल्या अंगाला जागोजाग नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. टवक्याची खूण. थापटीनं बाहेरून कितीही घोटा, आतून ती जात नाही. मी ते बघत बसले आणि एकदम मला जावेची बोटं आठवली. सुरईच्या पोटात फिरणारी आणि एका जागी थांबलेली.

कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच, असं लोक म्हणतात. मी भर दुपारी उकिरड्यावर गेले. दोन वर्षांची राख आणि खापरं हातांनी उपसली. आळीतल्या पोरी हसत होत्या. शेवटी तो थरथरता वेल सापडला, पोटाचा एक मोठा तुकडा. उलटा केला. आत चंद्रकोर. गोटा बरोबर नेला होता, तो खुणेवर टेकवला. मखमलीच्या खणात बसावा तसा बसला.

तुकडा पदरात घेऊन मी घरी आले. जाऊ माती तुडवत होती. तिच्यासमोर तो धरला.

“हे काय आहे?”

“खापर.”

“कुणाच्या हातचं?”

तिनं एकदा पाहिलं आणि पाय चालूच ठेवले. “जाऊबाई, पाटावर तुम्ही बसता. मला काय विचारता?”

“खोटं का बोललीस?”

“आत्याबाई तिथं बसल्या होत्या. सगळ्या आळीपुढं त्यांना पाटावरून उठवायचं?”

“मग मला तरी नंतर सांगायचंस!”

ती थांबली, कपाळावरचा चिखल मनगटानं पुसला. “तुम्ही किती खुशीत होता,” ती म्हणाली.

यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी उपकार मानले असते. तिच्या नजरेवर मी जळत होते तोवर ठीक होतं, नजर देवाची देणगी, माझा काय दोष? पण आता तिच्या मनाचाही हेवा करायचा म्हणजे माणसानं जळायचं तरी किती ठिकाणी? लोण्याचे ते सगळे गोळे मला एकदम कळले. रडू आलं. ते सासूसाठी होतं, जावेसाठी होतं की माझ्यासाठी, मला आजही सांगता येत नाही.

पण पाट मी सोडला नाही. कबूल करते, अजिबात सोडला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. एवढंच केलं, की तिच्या हाती पुन्हा सुरया दिल्या, आणि एखाद्या मडक्यावर अडले की ‘हे जरा धर गं, माझा पदर सुटला’ म्हणून ते तिच्या हातात द्यायचे. ती बुडाला अंगठा लावून हळूच घराचं नाव सांगायची आणि मी ते मोठ्यानं सांगायचे. अशी आमची वर्षं गेली. आळी म्हणायची, थोरलीची पारख सासूपेक्षा सरस. मी मान डोलवायचे आणि आतून जळायचे.

गेल्या संक्रांतीच्या आधी सुगडांचा आवा उघडला. आता माझीही सून हाताखाली असते. ती एकेक सुगड काढून माझ्या हातात देत होती. एक सुगड तिनं काढलं आणि ती थबकली. ओठ वाकडा, अंगावरच्या खडीच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या. सगळ्या बायका बघत होत्या. मला हात लावायचीही गरज नव्हती. माझ्या उजव्या हाताला दिवाळीपासून कंप सुटला होता आणि मी तो पदराखाली लपवत होते.

तोवर मागून आवाज आला. “ते माझं आहे. हल्ली हात कापतो माझा.”

मी वळून पाहिलं. जाऊ डोक्यावरची पाटी धरून उभी. सगळे केस पांढरे. मी बरोबर तिथंच बसले होते, जिथं त्या दिवशी सासू बसली होती, आणि पदराच्या टोकाशी माझाही चाळा चालू होता. गप्प बसले असते तर पाट मरेपर्यंत माझा होता. सासू गप्प बसली होती.

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकदा केलास चांगुलपणा, केलास. आता दुसऱ्यांदा, आणि तोही माझ्या जिवावर? पुण्याचं सगळं गाठोडं हिनंच न्यायचं काय वर?

“खोटं बोलतेय ती,” मी ओरडले. “माझं आहे ते सुगड. आणि आत्याबाईंच्या वेळची ती गळकी सुरईसुद्धा हिची नव्हती, आत्याबाईंची होती. मी चुकीचं सांगितलं आणि हिनं अंगावर घेतलं. ऐकलंत सगळ्यांनी?”

आवा अजून कोमट होता, मधूनच एखादं मडकं टिणकन वाजत होतं. मी म्हणाले, “धाकटे, ये, बैस पाटावर. तुझाच आहे तो.”

ती म्हणाली, “नको जाऊबाई. माझे गुडघे वाकत नाहीत. तुमच्या सुनेला बसवा, तिची बोटं चांगली आहेत.”

झालं! आजही आळीत बायका सांगतात, धाकटीनं चालून आलेला पाट नाकारला, केवढं मोठं मन. पाट सोडला मी, पण माझं नाव कुणी काढत नाही. मला उठता येत नव्हतं, पायांना मुंग्या आल्या होत्या. तिनं पाटी खाली ठेवली आणि मला उठवायला हात पुढं केला. तो जरासुद्धा कापत नव्हता. मेलीनं लपवायचीही तसदी घेतली नाही.